सुपरस्टार असूनही संघ हरतो, तेव्हा दोष कुणाचा? आइस हॉकीतल्या प्लेऑफची गोष्ट

एप्रिल-मे आला की टोरोंटोत एक वार्षिक कार्यक्रम असतो. शहराचा लाडका आइस हॉकी संघ, टोरोंटो मेपल लीफ्स, प्लेऑफमधून बाहेर पडतो आणि मग रेडिओवर, ऑफिसात, लोकल ट्रेनमध्ये एकच चर्चा सुरू होते: करोडो डॉलर घेणारे स्टार खेळाडू ऐन वेळी कुठे गेले होते? मे २०२५मध्ये फ्लोरिडा पँथर्सने लीफ्सना त्यांच्याच घरच्या मैदानावर ६-१ असं दोनदा धुतलं, तेव्हा प्रेक्षकांनी चिडून जर्सी काढून बर्फावर फेकल्या. सहाच आठवड्यांत मिच मार्नर हा संघाचा मोठा खेळाडू टोरोंटो सोडून लास व्हेगासला गेला.

टोरोंटोच्या आसपास, मिसिसागा-ब्रॅम्प्टन पट्ट्यात, मराठी घरं आता भरपूर आहेत. तिथली मुलं शाळेतून लीफ्सचं वेड घरी आणतात आणि क्रिकेटवर वाढलेल्या आईबाबांना ही भानगड कळत नाही. भारतात बसून हे वाचणाऱ्यांना तर हॉकी म्हटलं की हिरवं टर्फ आठवतं. म्हणून अगदी पहिल्यापासून सुरुवात करू.

आधी खेळ समजून घेऊ

आइस हॉकीत एका वेळी बर्फावर प्रत्येक संघाचे सहा जण असतात: तीन फॉरवर्ड, दोन बचावपटू आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. सामना साठ मिनिटांचा. पण हे साठ मिनिटं कोणीच पळत नाही, गोलरक्षक सोडला तर. खेळ इतका दमवणारा आहे की खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळतात आणि बाकावर येऊन बसतात, त्यांच्या जागी दुसरे उतरतात. संघाचा सर्वांत मोठा फॉरवर्डसुद्धा साठपैकी वीस-बावीस मिनिटंच बर्फावर असतो.

क्रिकेटवाल्यांनी इथे जरा थांबावं. सलामीचा फलंदाज बाद झाला नाही तर पन्नास षटकं खेळू शकतो, सामना एकहाती काढू शकतो. हॉकीतला सुपरस्टार सामन्याचा दोन तृतीयांश वेळ पाण्याची बाटली हातात धरून बघत बसलेला असतो. त्या वेळात काय घडतं यावर त्याचा काडीचा ताबा नाही.

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही अमेरिका-कॅनडातली मुख्य स्पर्धा. नेहमीच्या हंगामात २०२५-२६पर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळत आलाय. त्यातून १६ संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातात. प्रत्येक फेरीत दोन संघ एकमेकांशीच खेळत राहतात. जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या जिंकल्या की स्टॅनली कप. लीफ्सनी तो शेवटचा जिंकला १९६७ साली.

चांगला संघ किती वेळा हरतो?

आता थोडं गणित, पण पाठीचा कणा हाच आहे. समजा एखादा संघ समोरच्यापेक्षा खरोखर सरस आहे आणि कुठलाही एक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ५५ टक्के आहे. हॉकीत हा फरक लहान नाही. असा संघ सात सामन्यांची मालिका जिंकण्याची शक्यता निघते सुमारे ६१ टक्के. म्हणजे दहापैकी जवळपास चार वेळा सरस संघच घरी जाणार, कुणाचंही काही न चुकता. आणि चारही फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्यापेक्षा तो इतकाच सरस राहिला, तरी कप हाती येण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास. सातातून एकदा.

याचं कारण गोल कमी होतात हे आहे. सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सहाच्या आसपास. गोलावर मारलेल्या दहा फटक्यांपैकी साधारण नऊ गोलरक्षक अडवतो. कुणाच्या तरी स्केटला लागून पक आत वळला, एखादा फटका खांबाला लागून बाहेर गेला, की निकाल बदलला. बास्केटबॉलमध्ये शंभरेक गुण होतात, तिथे असले अपघात एकमेकांना कापून टाकतात. हॉकीत ते कापले जायला सामने पुरत नाहीत.

खेळाडूचंही तेच. हंगामात ४० गोल करणारा खेळाडू म्हणजे मोठा स्टार. सरासरी दोन सामन्यांत एक गोल. सात सामन्यांत त्याच्याकडून तीन-चार गोल अपेक्षित आहेत. पण साध्या संभाव्यतेने बघितलं तर दर सातेक मालिकांपैकी एकीत त्याचा फार तर एक गोल होईल, किंवा तोही नाही. तो घाबरला म्हणून नव्हे. नोव्हेंबरमध्येही त्याचे असे सात सामने येऊन गेलेले असतात. तेव्हा त्याकडे कुणी बघितलेलं नसतं, इतकंच.

४४ फटके, शून्य गोल

२०१०चे वॉशिंग्टन कॅपिटल्स घ्या. हंगामात १२१ गुण मिळवून लीगमध्ये पहिले. पहिल्या फेरीत समोर माँट्रियल कनेडियन्स, कसाबसा पात्र ठरलेला संघ. वॉशिंग्टनने ३-१ अशी आघाडी घेतली आणि मग सलग तीन सामने गमावून बाहेर. माँट्रियलचा गोलरक्षक यारोस्लाव हालाक सहाव्या सामन्यात ५३ फटके अडवून गेला.

वॉशिंग्टनचा अलेक्झांडर सेमिन त्या हंगामात ४० गोल केलेला माणूस. त्या मालिकेत त्याने गोलावर ४४ फटके मारले. गोल शून्य. ४४ फटके मारायला जागा मिळवावी लागते, हिंमत लागते. हा माणूस लपून बसला होता असं कोण म्हणेल? पण लोकांच्या लक्षात शून्य राहिलं.

आणि कर्णधार अलेक्झांडर ओवेच्किन? सात सामन्यांत पाच गोल, पाच सहाय्य (म्हणजे दुसऱ्याच्या गोलाआधी दिलेले पास). याहून जास्त काय मागणार? तरी ‘ओवेच्किन प्लेऑफमध्ये चालत नाही’ हे वाक्य पुढची आठ वर्षं त्याच्या मागे लागलं होतं. आपल्याकडे ‘सचिनने शतक केलं की भारत हरतो’ म्हणणारे काका असायचे, त्याच जातीचं हे वाक्य.

मात्र त्याच मालिकेत एक आकडा स्टार मंडळींना चिकटतो. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू नियम मोडल्याबद्दल दोन मिनिटं बाहेर बसतो, तेव्हा समोरच्या संघाला एक माणूस जास्त मिळतो. याला पॉवर प्ले म्हणतात. या वेळी प्रत्येक संघ आपले सर्वांत चांगले हल्लेखोर उतरवतो. वॉशिंग्टनला असे ३३ पॉवर प्ले मिळाले आणि गोल झाला एक. इथे बाकावरच्या बदली खेळाडूंकडे बोट दाखवता येत नाही. हालाक अफाट खेळला हे खरं, पण तेहेतीसात एक हे अपयश बड्यांचंच.

प्लेऑफमध्ये खेळ खरंच बदलतो

सगळं नशिबावर ढकलणंही बरोबर नाही. प्लेऑफचं हॉकी वेगळं असतं आणि ते वेगळेपण स्टारच्याच अंगावर येतं.

हंगामात आज इथे, परवा तिथे असं चालतं. समोरचा कोच एका खेळाडूचा अभ्यास करून करून किती करणार? प्लेऑफमध्ये तोच प्रतिस्पर्धी दोन आठवडे समोर. त्यात एक नियम असा की खेळ थांबल्यावर यजमान संघाला शेवटी बदल करता येतो. म्हणजे पाहुण्यांनी कोण उतरवलंय ते बघून यजमान कोच आपले खेळाडू पाठवतो. समोर स्टार दिसला की त्याच्या अंगाला आपला सर्वांत चिवट सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, आणि सर्वांत दणकट बचावपटू चिकटवायचे. परत धक्काबुक्कीकडे पंच हंगामातल्यापेक्षा जास्त काणाडोळा करतात, अशी तक्रार दर वर्षी होते.

दुखापती तर लपवल्याच जातात. प्लेऑफमध्ये संघ फक्त ‘वरच्या अंगाला दुखापत’ किंवा ‘खालच्या अंगाला दुखापत’ एवढंच सांगतात, म्हणजे समोरच्याने नेमकं तिथेच हाणू नये. बॉस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन २०१३च्या अंतिम फेरीत मोडलेली बरगडी आणि निखळलेला खांदा घेऊन खेळला, त्यात फुप्फुसाला छिद्र पडून मालिका संपताच रुग्णालयात गेला. हे बाहेर आलं नंतर. आदल्या दिवशी टीव्हीसमोर बसून ‘हा आज मंद का वाटतोय’ म्हणणाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

निम्मे पैसे चौघांना

आता टोरोंटोकडे येऊ, कारण तिथे प्रश्न सर्वांत टोकदार आहे.

एनएचएलमध्ये सॅलरी कॅप आहे. कुठल्याही संघाने खेळाडूंच्या पगारावर एका ठरलेल्या रकमेहून जास्त खर्च करायचा नाही. मालक कितीही श्रीमंत असो. २०१९-२० मध्ये ही मर्यादा होती ८ कोटी १५ लाख डॉलर. त्यात टोरोंटोने ऑस्टन मॅथ्यूजला वर्षाला सुमारे १ कोटी १६ लाख, जॉन टवारेसला १ कोटी १० लाख, मार्नरला १ कोटी ९ लाख आणि विल्यम नायलँडरला ७० लाखांच्या घरात दिले. बेरीज ४ कोटी ५ लाख. चार माणसांत निम्मी तिजोरी संपली. उरलेल्या निम्म्यात अख्खा बचाव, गोलरक्षक आणि बाकीचे फॉरवर्ड बसवायचे.

लग्नाच्या बजेटातले निम्मे पैसे हॉलवरच गेले तर पुढचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. हॉल झकास असतो. जिलबी दुसऱ्या पंगतीला संपते. आणि नावं ठेवताना पाहुणे ‘हॉल एवढा मोठा कशाला घेतला’ असं हॉलकडेच बघून म्हणतात.

व्यवस्थापनाचा हिशोब अगदीच वेडगळ नव्हता. कॅप दर वर्षी वाढत जाईल आणि हे करार हळूहळू स्वस्त वाटतील, असा तो अंदाज होता. मग कोविड आला, लीगचं उत्पन्न घसरलं आणि कॅप तीन हंगाम त्याच आकड्यावर गोठला. लीफ्स स्वस्त आणि मस्त खेळाडू शोधत राहिले. गोलरक्षक तर दर दोन-तीन वर्षांनी बदलत होता: अँडरसन, कॅम्पबेल, सॅमसोनोव, स्टोलार्झ.

‘कोच बदलले, मॅनेजर बदलले, तेच चौघे राहिले ना?’

हा आक्षेप सर्वांत जोरदार आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. कोच माइक बॅबकॉक गेले, शेल्डन कीफ आले, गेले, क्रेग बेरुबी आले. जनरल मॅनेजर काइल डुबास गेले, अध्यक्ष ब्रेंडन शनहान गेले. हरणं तसंच राहिलं.

निर्णायक सामने बघू, म्हणजे जो हरला तो बाहेर असे. लीफ्स २०१९मध्ये बॉस्टनकडून ५-१ हरले. २०२०मध्ये कोलंबसकडून ३-०. २०२१मध्ये माँट्रियलकडून ३-१. २०२२मध्ये टाम्पा बेकडून २-१. २०२४मध्ये पुन्हा बॉस्टनकडून २-१, जादा वेळेत. २०२५मध्ये फ्लोरिडाकडून ६-१. सहा सामने, लीफ्सचे मिळून पाच गोल. ते केले कुणी? टवारेस एक, नायलँडर दोन, बचावपटू मॉर्गन रायली एक, मॅक्स डोमी एक. मॅथ्यूज आणि मार्नर यांच्या नावावर सहा सामन्यांत एकही नाही.

(या सहापैकी तीन सामन्यांत समोर ब्रॅड मार्चंड नावाचा गृहस्थ होता, दोनदा बॉस्टनकडून आणि मग ३७व्या वर्षी फ्लोरिडाकडून. लीफ्सविरुद्धचे सगळे सातवे सामने तो जिंकलाय, एकूण पाच. टोरोंटोत त्याचं नाव जेवताना काढू नये.)

यातला बचावाचा भाग आधी बाजूला काढू. दोन गोल खाऊन सामना हरला तर बचाव आणि गोलरक्षक यांना काय बोलणार? त्यांनी आपलं काम केलं. २०२२ आणि २०२४मध्ये लीफ्स गोल न झाल्यामुळे हरले, आणि गोल करणं हेच तर त्या निम्म्या तिजोरीचं काम होतं. तेव्हा ‘बाकीचा संघ कमकुवत होता’ ही सबब या दोन रात्री लागू पडत नाही. २०२४मध्ये मॅथ्यूज दोन सामने बाहेर बसून थेट सातव्या सामन्यात परतला होता, हे मात्र त्याच्या खात्यात जमा करावं लागेल.

२०२१ची मालिका याहून वाईट. माँट्रियलने हंगामात टोरोंटोपेक्षा १८ गुण कमी मिळवले होते. लीफ्स ३-१ पुढे होते. मॅथ्यूजने त्या लहान हंगामात ५२ सामन्यांत ४१ गोल केले होते. प्लेऑफच्या सात सामन्यांत केला एक. वरचं गणित इथे लावलं तर अशा खेळाडूची अशी मालिका योगायोगाने येण्याची शक्यता तीन टक्क्यांहूनही कमी निघते. म्हणजे निव्वळ नशीब नाही. माँट्रियलच्या फिलिप दानोने त्याला सावलीसारखं धरलं होतं, मागे केरी प्राइससारखा गोलरक्षक होता, आणि टवारेस पहिल्याच सामन्यात डोक्याला मार लागून स्ट्रेचरवरून गेला होता. ही सगळी कारणं खरी आहेत. पण दानोला चुकवून वाट काढणं याचेच मॅथ्यूजला पैसे मिळतात. त्या मालिकेचा दोष त्याच्या आणि मार्नरच्या पदरात टाकायला मला संकोच वाटत नाही.

२०२५चं तसं नाही. पहिल्याच सामन्यात स्टोलार्झ जखमी झाला, पुढची मालिका दुसऱ्या गोलरक्षकावर. घरी दोनदा सहा-सहा गोल खाल्ले. फ्लोरिडा त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा कप जिंकली. तिथे चौघांनी आणखी दोन गोल केले असते तरी काय फरक पडला असता?

‘खरे मोठे खेळाडू मोठ्या सामन्यात दिसतातच’

हा दुसरा आक्षेप, आणि तो मला बराच पोकळ वाटतो. निकिता कुचेरॉव बघा. २०१८-१९मध्ये त्याने टाम्पा बेकडून १२८ गुण कमावले (खेळाडूचे गुण म्हणजे गोल आणि सहाय्य मिळून), लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघाने ६२ सामने जिंकले. पहिल्या फेरीत कोलंबसने त्यांना ४-० ने संपवलं. कुचेरॉवचा गोल शून्य, आणि चिडून केलेल्या धसमुसळेपणाबद्दल एका सामन्याची बंदी. मोठ्या सामन्यात कचखाऊ असल्याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं.

पुढच्या दोन्ही वर्षी टाम्पाने कप जिंकला आणि दोन्ही वेळा प्लेऑफमध्ये सर्वाधिक गुण कुचेरॉवचे होते. माणूस तोच, स्वभाव तोच. व्यवस्थापनाने मूळ संघाला हात न लावता ब्लेक कोलमन, बार्कली गुड्रो यांच्यासारखे अंगमेहनतीचे खेळाडू आणले, आणि गोलरक्षक म्हणून आंद्रेई वासिलेव्स्की होताच. २०१९च्या उन्हाळ्यात चिडून कुचेरॉवला विकला असता तर?

ओवेच्किनलाही २०१८मध्ये कप मिळाला. त्या प्लेऑफमध्ये त्याने १५ गोल केले. पण त्याआधीही तो प्लेऑफमध्ये साधारण दोन सामन्यांत एक गोल करतच होता, संघ दुसऱ्या फेरीपलीकडे जात नव्हता तेव्हासुद्धा.

‘मग एवढा पैसा कशाला घेतात?’

हा तिसरा आक्षेप भावनिक वाटतो, पण सगळ्यांत कामाचा तोच आहे. कॅप असलेल्या लीगमध्ये स्टारचा पगार मालकाच्या खिशातून जातोच, पण तो सहकाऱ्यांच्या जागेतूनही जातो. मॅथ्यूजने दहा लाख जास्त मागितले की तिसऱ्या फळीतला एक बरा खेळाडू गेला. म्हणून करार करतानाच स्टार आपल्या भविष्यातल्या पराभवाचा एक छोटा हिस्सा उचलत असतो, असं म्हणायला जागा आहे. मोठा हिस्सा अर्थात त्या करारावर सही करणाऱ्या व्यवस्थापनाचा. देणारा देतोय तर कोण नाही म्हणेल?

कॉनर मॅकडेव्हिडने मात्र नाही म्हटलं. एडमंटन ऑइलर्सचा हा कर्णधार आजच्या पिढीतला बहुधा सर्वोत्तम खेळाडू. २०२४च्या प्लेऑफमध्ये त्याने ४२ गुण मिळवले, त्यात ३४ सहाय्य, वेन ग्रेट्झकीचा विक्रम मोडून. अंतिम फेरीत ऑइलर्स ०-३ वरून ३-३ वर आले आणि सातवा सामना २-१ असा हरले. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी हरलेल्या संघातल्या मॅकडेव्हिडला जाहीर झाली. ती घ्यायला तो बर्फावर परतलाच नाही. शेवटच्या दोन सामन्यांत त्याचा गुण शून्य होता, हेही खरं. पुढच्या वर्षी फ्लोरिडाकडूनच अंतिम फेरीत पुन्हा हार.

सप्टेंबर २०२५मध्ये मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोवने वर्षाला १ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. मॅकडेव्हिडला त्याहून जास्त सहज मिळाले असते. त्याने पुढच्याच महिन्यात दोन वर्षांसाठी सही केली, जुन्याच पगारावर: १ कोटी २५ लाख. तो करार लागू होतो २०२६-२७ पासून, जेव्हासाठी लीगने १० कोटी ४० लाखांचा कॅप आधीच जाहीर केलाय. म्हणजे काप्रिझोवएवढे मागितले असते तरी जे ४५ लाख गेले असते ते आता दर वर्षी ऑइलर्सकडे मोकळे राहणार. त्यातून गोलरक्षक घ्यायचा की बचावपटू, हे जनरल मॅनेजरने ठरवायचं आहे. दोन वर्षांत कप आला नाही, तर एडमंटनमधले लोक पहिलं बोट कुणाकडे दाखवतात ते बघायला मला आवडेल.